फडावरचं आरोग्य, तांड्याची बोली

दसऱ्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळाचं लसीकरणाचं वेळापत्रक घ्या आणि त्याच्या शेजारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचं वेळापत्रक ठेवा. बीसीजी, हिपॅटायटिस-बी आणि पोलिओचा पहिला डोस जन्मल्याबरोबर मिळतो. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी असतात, म्हणजे साधारण नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीच्या मध्याला. या तिन्ही वेळी ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबातलं बाळ आपल्या गावात नसतं. ते दीड-दोनशे किलोमीटरवर, कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या बांधावर, झोळीत झोपलेलं असतं. गावच्या आशाताईच्या यादीत त्याचं नाव आहे, पण बाळ नाही. जिथं बाळ आहे, तिथल्या यादीत त्याचं नाव नाही.

क्षयरोगाचंही तसंच. साध्या क्षयरोगाचे औषधोपचार सहा महिने चालतात आणि तोडणीचा हंगामही पाच-सहा महिन्यांचा. दिवाळीपूर्वी गावच्या आरोग्य केंद्रात निदान झालेल्या माणसाचा जवळजवळ सगळा उपचार परमुलखात व्हायचा असतो. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, त्यातले निम्म्याहून अधिक दिवस उसाच्या फडावर जाऊ शकतात. आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था माणूस एका जागी राहतो असं धरून आखलेली आहे. जो राहत नाही, त्याच्यापर्यंत ती कशी पोचणार? आणि पोचली, तरी त्याच्याशी कोणत्या बोलीत बोलणार?

पाण्याने बोलावलेली माणसं

अहिल्यानगर जिल्ह्यातला राहाता तालुका हा प्रश्न समजून घ्यायला फार योग्य जागा आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांचं पाणी या भागात खेळू लागलं. उत्तरेकडून गोदावरीचा उजवा कालवा आला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. तालुक्यात गणेशनगरचा कारखानाही आहे. पुढे १९७२ मध्ये लोणीला प्रवरा मेडिकल ट्रस्ट स्थापन झाला आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात एकमेकांच्या इतक्या जवळ इतकी मोठी रुग्णालयं असलेले तालुके थोडेच.

याच तालुक्यात दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून, बैलगाड्यांतून तोडकरी येतात. राज्यात त्यांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. या पट्ट्यात येणारे बरेचसे बीड आणि पाथर्डी-शेवगावकडचे, काही चाळीसगाव-नांदगावच्या बाजूचे, काही त्याच्याही पलीकडचे आदिवासी. बीडचा वंजारी तोडकरी मराठीच बोलतो, मराठवाडी वळणाची. पण बंजारा तांड्यावरून आलेल्या घरात गोरमाटी बोलली जाते, आणि तिचं नातं राजस्थानी बोलींशी अधिक जवळचं. खानदेशाकडून आलेल्यांच्या तोंडी अहिराणी असते. भिल्ल कुटुंबात भिली, सातपुड्यातून आलेल्यांत पावरी. पुरुषांना बाजारहाट, मुकादम, कारखान्याची स्लिप यांमुळे मराठीची सवय होते. शाळेत न गेलेल्या, तांड्याबाहेर फारशा न वावरलेल्या बायकांना ती जेमतेम कळते, बोलता येते त्याहून कमी. आजार आणि बाळंतपण मात्र त्यांच्याच वाट्याला अधिक येतं.

एका कोयत्याचा दिवस

ऊसतोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती उचल तोडलेल्या टनांमधून फेडायची असते. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडावरचं सगळं आरोग्य या एका हिशोबाला बांधलेलं आहे.

बाई पहाटे तीन-चारला उठते. कोपीपुढच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपुढच्या, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते, पाणी भरून आणते, आणि उजाडायच्या आत फडात असते. नवरा ऊस तोडत पुढे जातो. ती मागून पाचट काढते, वाढं वेगळं करते, उसाची मोळी बांधते. संध्याकाळी किंवा रात्री ट्रक लागला की तीच मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून वर चढते आणि गाडी भरते. मोळी वीस-पंचवीस किलोंची, कधी त्याहूनही जड. गरोदर बाईही सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत हे करताना दिसते, कारण अर्ध्या कोयत्यावर उचल फिटत नाही.

फडात संडास नाही. आडोसा शोधावा लागू नये म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते. कमी पाणी आणि तास न् तास दाबून ठेवलेली लघवी यांमुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पाळीत कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, म्हणून जननमार्गाचे आजार होतात. त्यात मुळातच रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता.

यावर औषध साधं आहे आणि फुकटही. लोहाच्या गोळीचंच उदाहरण घेऊ. आरोग्य केंद्रातून पाकीट मिळतं, कोपीत येतं आणि बांबूच्या फटीत खोचून राहतं. का? गोळी सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत शौचाला काळं होतं आणि बाई घाबरते. काहींना मळमळतं. काही जणी पहाटेच्या कोऱ्या चहाबरोबर गोळी घेतात आणि चहातल्या द्रव्यांमुळे लोह अंगी फारसं लागत नाही. ‘काळं होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही, रात्री जेवणानंतर घे, चहासोबत नको, वर लिंबू पिळलेलं काही खाल्लंस तर आणखी बरं’ एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं तिला कळणाऱ्या बोलीत मिळाली नाहीत, तर सरकारने विकत घेतलेली, गाडीने आणलेली, नोंदवहीत ‘दिली’ म्हणून लिहिलेली गोळी बांबूतच राहते.

मधला माणूस कोण?

तोडकऱ्यांच्या तळावर दवाखान्याची सिस्टर येते तेव्हा काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. ती विचारते, “ताई, काही त्रास आहे का? पाळी वेळेवर येते ना?” बाई खाली मान घालून उभी. शेजारी नवरा, पलीकडे मुकादम. उत्तर मुकादमच देतो, “काय न्हाई सिस्टर, समदं ब्येस हाय.” सिस्टर तेच लिहून घेते आणि पुढच्या कोपीकडे वळते.

यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. पण दुभाषा म्हणून ज्याच्याकडे आपण पाहतो, त्याचा हिशोब टनांचा आहे आणि तो पुरुष आहे. अंगावरून पांढरं जातंय, लघवीला जळजळतंय, संबंधाच्या वेळी दुखतंय, हे त्याच्या तोंडून दवाखान्यापर्यंत पोचणं शक्य नाही. शाळकरी मुलीला मधे घेतलं जातं तेव्हाही तीच अडचण: आईने मुलीसमोर काय बोलावं आणि मुलीने काय सांगावं?

न बोललेल्या दुखण्याची किंमत किती मोठी असते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिलं. तोडकरी बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात, अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीत जास्त जाणं, अशा आजारांपैकी बरेचसे वेळेवर तपासणी आणि औषधं मिळाली तर आवरतात. पण दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं आणि मग एक दिवस खाजगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ एवढंच उत्तर मिळतं. पिशवी काढल्यावर, विशेषतः अंडाशयही गेल्यास, पाळी जाण्याचे त्रास तिशीतच सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. कंबर मोडली तरी मोळी उचलावीच लागते.

या दुखण्यांवरचं मौन जुनंच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका बोलत नाहीत याचा अर्थ दुखत नाही असा काढायचा नसतो, हे त्या अभ्यासाने जगाला सांगितलं.

दुसऱ्या गोलार्धातला ऊस

हाच ऊस, हाच कोयता मध्य अमेरिकेतही आहे. एल साल्वाडोर आणि निकाराग्वाच्या किनारपट्टीवर तरुण तोडकऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. २००२ मध्ये एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी या न समजणाऱ्या आजाराबद्दल लिहिलं. पुढे संशोधन होत गेलं तसं एक कारण ठळकपणे समोर आलं: रणरणत्या उन्हात जिवापाड कष्ट आणि अंगातलं पाणी वारंवार आटणं. इतरही कारणांचा शोध चालू आहे, पण उपाय त्यासाठी थांबला नाही. पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच बसवायच्या, असा कार्यक्रम तिथल्या मळ्यांवर सुरू झाला. आपल्याकडेही हंगाम लांबला की मार्च-एप्रिलच्या उन्हात तोडणी चालते. राहात्याच्या फडावर हा धडा जसाच्या तसा लागू होतो.

त्या मुलखांतून आणि मेक्सिकोतून स्पॅनिश बोलणारे लाखो मजूर अमेरिकेच्या शेतांवर जातात आणि पिकामागून पीक, राज्यामागून राज्य फिरत राहतात. त्यांच्यासाठी १९६२ मध्ये अमेरिकेने स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्याचा कायदा केला आणि दवाखान्यांना पैसा मिळाला. पण इंग्रजी बोलणारा दवाखाना आणि स्पॅनिश बोलणारा मजूर यांच्यातलं अंतर नुसत्या इमारतीने मिटलं नाही. ते मिटवायला मदत झाली ‘प्रोमोतोरा’ नावाच्या बायकांमुळे. लॅटिन अमेरिकेतल्या गावांत आरोग्याचं काम करणाऱ्या स्थानिक स्त्रियांची ही जुनी परंपरा. १९८० च्या दशकात मिशिगनमध्ये मजुरांच्या छावण्यांतूनच स्त्रिया निवडून त्यांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्या स्वतः मजूर, त्याच छावणीत राहणाऱ्या. दिवसभर शेतात काम करायच्या आणि संध्याकाळी शेजारणीला तिच्या भाषेत सांगायच्या: ताप कसा मोजायचा, फवारणीनंतर हात कसे धुवायचे, कोणत्या दिवशी दवाखान्याची गाडी येते. छायाचित्रांच्या गोष्टीरूप पुस्तिका, रेडिओवरच्या छोट्या मालिका यांचीही जोड होती. पण खरी ताकद त्या बाईची होती. तिच्यावर शेजारणीचा विश्वास होता.

आपल्याच जिल्ह्यातलं उत्तर

यासाठी परदेशाकडे पाहायचीही गरज नाही. राहात्याच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित वस्तीतल्या. त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, अतिसारावर साखर-मिठाचं पाणी शिकवलं. त्यांच्या कामाने गावांचं आरोग्य पालटलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने सिद्ध केलं की आरोग्यशिक्षणासाठी पदवी लागत नाही, आपलेपणा आणि नेटकं प्रशिक्षण लागतं.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना बांधताना गोंड लोकांनाच विचारलं, तो कसा हवा? आणि तो पाड्यासारखा बांधला, नातेवाइकांना पेशंटजवळ राहता येईल असा. गावातल्याच आरोग्यदूतांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २००५ नंतर देशभर आशा नेमल्या गेल्या, त्यामागच्या विचाराला या कामांचं बळ होतं.

आशाची मोठी ताकद म्हणजे ती गावचीच असते. स्थलांतरितांच्या बाबतीत तीच मर्यादा ठरते. लोणीची किंवा बाभळेश्वरची आशाताई फडावरच्या कोपीसाठी परकीच. शिवाय तिच्या मानधनाचा काही भाग ठरावीक कामांच्या नोंदींवर, आणि फिरत्या कुटुंबाची नोंद पूर्ण होण्याआधीच तोडकऱ्यांची टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असते.

काय करता येईल?

कागदाचा प्रश्न आता बराच सुटण्यासारखा आहे. क्षयरुग्णाची ‘निक्षय’वर नोंद असली की त्याला दुसऱ्या जिल्ह्यातही औषधं मिळू शकतात आणि पोषणासाठीची रक्कम बँक खात्यात येते, नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये आहे. ‘यू-विन’मुळे बाळाच्या लसींची नोंद मोबाइलवर राहते आणि डोस कुठल्याही केंद्रात घेता येतो. स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा ठेवणारी यंत्रणा राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे आहे. बाळंतपणासाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ ची गाडी मोफत आहे. हे सगळं हक्काचं आहे. ते फडावरच्या बाईला कोण सांगणार, एवढाच प्रश्न उरतो.

त्यासाठी पहिली गोष्ट: प्रत्येक टोळीतली एक बाई. हंगामापूर्वी, गावी असतानाच तिला आठवडाभर शिकवायचं, तिच्याच बोलीत. ताप, जुलाब, रक्तस्राव, साप चावणं, गरोदरपणातली धोक्याची लक्षणं, आणि कोणता नंबर फिरवायचा. तिच्याजवळ ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड आणि तापमापक द्यायचं. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण तिला तोंडपाठ हवं. सर्वांत महत्त्वाचं, या कामाच्या दिवसांचा मोबदला तिला मिळाला पाहिजे, नाहीतर तिची बांधिलकी तिच्याच खाड्यावर उभी राहील.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी नऊ ते चार उघडा असलेला दवाखाना तोडकऱ्यासाठी बंदच असतो. तळावर गाडी जायची तर संध्याकाळी, चुली पेटतात तेव्हा. स्त्री डॉक्टर आणि आडोशाचा तंबू सोबत हवा, आणि पुरुषांची वेगळी तपासणी त्याच वेळी दुसरीकडे, म्हणजे बायकांना मोकळं बोलता येईल.

तिसरी गोष्ट आवाजाची. वाचता न येणाऱ्या माणसासाठी मराठीतलं भित्तिपत्रक आणि गोरमाटीतलं भित्तिपत्रक सारखंच निरुपयोगी. पण आज जवळपास प्रत्येक टोळीत मोबाइल आहे. तांड्यातल्याच एखाद्या बाईच्या आवाजातला, एका मिनिटाचा, एकाच गोष्टीचा निरोप गोरमाटीत, अहिराणीत, भिलीत रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर फिरवायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. मजकूर डॉक्टरांनी तपासलेला असावा आणि बोलणं तांड्याचं असावं.

हे या तालुक्याला अवघड नाही. शिर्डीत हॉटेलांवर, दुकानांवर तेलुगूत पाट्या आहेत, रिक्षावाले भाविकांशी तेलुगूत आणि हिंदीत बोलतात. पाहुण्याची भाषा शिकली तर त्याची सोय होते आणि आपलाही व्यवहार चालतो, हे राहात्याने स्वतःहून ओळखलं. कुठल्या खात्याने तसा आदेश काढला नव्हता. जो पाहुणा पाच-सहा महिने राहतो आणि ज्याच्या हातांनी तालुक्याचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्यासाठीही हीच तयारी ठेवता येईल.

या कामाला लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी तालुक्यात आधीच आहेत. वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत, आशाताई आहेत, कारखान्याच्या शेती खात्याकडे कोणती टोळी कोणत्या गटात आहे याची रोजची माहिती आहे. उणीव आहे ती या तिघांना एकत्र बसवण्याची आणि तांड्यातल्या बाईला त्या बैठकीत खुर्ची देण्याची. शेती खात्याची टोळ्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे दर आठवड्याला गेली, तरी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं ती बाई करेल. तिला प्रत्येक कोपी माहीत आहे, कुणाला कितवा महिना आहे हेही माहीत आहे, आणि तिच्याशी बोलताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही.